पोहोच मोठी, पोच कुठे?

संस्थेच्या महिन्याच्या बैठकीत हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो. रील किती जणांनी पाहिलं?

दुसराही ठरलेला. फॉलोअर किती वाढले?

तिसरा प्रश्न कुणी काढत नाही. गेल्या महिन्यात ज्यांनी पैसे पाठवले, त्यांच्या पावत्या गेल्या का?

पोहोच आणि पोच हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी राहतात. आपलं म्हणणं किती लांब गेलं, ती पोहोच. ‘तुमचं मिळालं बरं का’ असं समोरच्याला कळवणं, ती पोच. मनीऑर्डरच्या फॉर्मला एक छोटा तुकडा असायचा. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन तो पाठवणाऱ्याच्या घरी परत यायचा. दिवस लागायचे, पण यायचा.

आता पैसे तीन सेकंदांत जातात. पोच तीन महिन्यांत येत नाही.

माझाच अनुभव सांगतो. एका संस्थेच्या पोस्टवरचा क्यूआर कोड स्कॅन करून हजार रुपये पाठवले. रक्कम मोठी नव्हती, पण मनापासून दिलेली होती. पावती आली नाही. ईमेल केला, उत्तर नाही. पोस्टखाली विचारलं, तर प्रश्नावर कुणीतरी एक बदाम टाकून गेलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र मेसेज हजर. करसवलतीची शेवटची संधी, आजच देणगी द्या!

पहिल्या हजाराची पोच नाही, तर दुसरे हजार कशाच्या भरवशावर द्यायचे?

संस्था खोटी नव्हती. तिचं काम चोख आहे, मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

बरं, पावती ही आता नुसती रीतभातही राहिलेली नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जीखालच्या देणग्यांचा तपशील संस्थेला प्राप्तिकर खात्याकडे भरावा लागतो आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. संस्थेनं तो भरला नाही, तर वजावट देणगीदाराची अडकते. क्यूआर कोडखाली ‘पैसे पाठवल्यावर नाव आणि पॅन या ईमेलवर कळवा’ एवढी एक ओळ छापायला किती खर्च येतो?

शिवाय, नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही. आणि २०२३-२४ पासून काही कळवलं नाही तर तीच करप्रणाली लागू होते. म्हणजे ‘कर वाचवा, देणगी द्या’ ही हाक कितीतरी पगारदारांच्या कामाचीच उरलेली नाही. त्यांनी यापुढे का द्यावं? कारण त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, एवढंच.

आणि तो एका पावतीच्या आळसापायी जातो.

आता पोस्टरकडे वळू. परवा मोबाइलवर रक्तदान शिबिराचं एक पोस्टर आलं. वर दोन प्रेरणास्थानं. खाली उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे. त्याखाली विश्वस्तांचे अकरा गोल फोटो. उरलेल्या दोन बोटं जागेत तारीख, वेळ आणि ठिकाण. ठिकाण काय, तर ‘संस्थेचे कार्यालय’. कार्यालय कुठे आहे, हे ज्यांना माहीत आहे ते तसेही येणारच होते.

ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठीच पोस्टर काढतात ना?

बरं, पोस्टर म्हणजे नुसतं चित्र. अंध माणसाच्या मोबाइलमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं नीट वाचेल याची खात्री नाही. गूगलवर शोधणाऱ्यालाही ती सापडतील असं नाही. चित्रासोबत चार ओळी युनिकोड मराठीत लिहिल्या की दोन्ही कामं होतात. पण संस्थेचा सगळा मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अडकलेला. कॉपी करून चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात. अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं निमंत्रणही असंच चित्रात बंद झालेलं मी पाहिलं आहे.

ते निमंत्रण कुणी वाचायचं होतं?

पुढे फेसबुक. ‘आमचे वीस हजार फॉलोअर आहेत,’ असं सांगतात. पोस्ट वीस हजारांना दिसते का? पेजची एखादी पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत जाते, असं फेसबुकनंच २०१२ मध्ये सांगितलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीनं गणित पुन्हा बदललं. मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या पोस्ट वर आल्या, पेजेस खाली गेली. त्यापलीकडे जायचं असेल, तर जाहिरातीचे पैसे मोजा.

दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडलं की भाडं मालक ठरवणार.

कधी कधी ओसरीच जाते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. ज्यांनी तिथे माणसं जमवली होती, त्यांच्याकडे त्यांतल्या एकाचाही फोन नंबर नव्हता.

म्हणून संस्थेची खरी मिळकत कोणती? एक वही, किंवा कॉम्प्युटरवरची साधी यादी. नाव, गाव, फोन, ईमेल. आणि शेजारी नोंद: ‘२०१९ च्या पुरात ब्लँकेटं पाठवली. मुलगी डॉक्टर आहे. संध्याकाळी सातनंतर फोन करावा.’ ही यादी कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. ती तुमच्या कार्यकर्त्याच्या चिकाटीवर चालते.

आणि चिकाटी महिन्याला रिचार्ज करून मिळत नाही.

आता एक फुकटची गोष्ट. पात्र सेवाभावी संस्थांना गूगल महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत देतं. भारतातल्या संस्थांनाही. कुणी मदत शोधली की तुमचं नाव वर यावं, यासाठी. अट काय? स्वतःची, नीट चालणारी वेबसाइट हवी. मग वेबसाइट उघडावी, तर ‘आमच्याविषयी’मध्ये स्थापनेपासूनचा इतिहास, ‘संपर्क’मध्ये बंद पडलेला लँडलाइन आणि ‘अहवाल’मध्ये पाच वर्षांपूर्वीची पीडीएफ.

ज्याला आज तातडीनं मदत हवी आहे, त्यानं त्या लँडलाइनचं काय करायचं?

व्हॉट्सॲप तर सगळेच वापरतात. वापरायचं कसं, हे किती जणांना माहीत आहे? ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज जातो. बाकीच्यांना जात नाही आणि तुमच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक पावतीवर एक ओळ घाला: ‘आमचा नंबर सेव्ह करा, कामाची खबर महिन्यातून एकदाच देऊ.’ आणि खरंच एकदाच द्या. रोज पहाटे फुलांचा गुच्छ आणि सुविचार पाठवणाऱ्या संस्थेचा खरा निरोपही लोक न उघडता पुसून टाकतात.

ग्रुपचा मामला याहून गंभीर. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायका, व्यसनातून बाहेर पडणारी माणसं, एचआयव्हीसह जगणारी माणसं. ‘सगळ्यांना एकत्र निरोप देता येईल’ म्हणून उत्साही कार्यकर्ता त्यांचा ग्रुप काढतो. ज्या बाईनं नवा नंबर माहेर आणि संस्था सोडून कुणालाही दिला नव्हता, तिचा तो नंबर दुपारपर्यंत शंभर मोबाइलमध्ये जातो. एचआयव्हीबाधितांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे.

कायदा नसता, तरी हा विश्वासघातच होता.

आता फोटो. इथे आवाज चढवणं भाग आहे. वसतिगृहातल्या मुली ओळीत उभ्या, हातात वह्या, वहीवर देणगीदार कंपनीचं चिन्ह, खाली कॅप्शन. कॅप्शनमध्ये नाव, गाव, शाळा आणि ‘वडिलांनी आत्महत्या केलेली’. बालन्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. त्यात नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, काहीच चालत नाही.

‘चेहरा झाकला होता,’ म्हणतात. गावाचं नाव आणि शाळेचा गणवेश दिसत असताना चेहरा झाकून काय झाकलं?

‘पालकांची सही घेतली आहे,’ असंही म्हणतात. सही कधी घेतली? धान्याचं किट हातात ठेवताना. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमती मोकळेपणानं, समजून-उमजून आणि विनाअट दिलेली हवी म्हणतो. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या ‘हो’ची किंमत काय?

वाटलेलं ब्लँकेट दोन हिवाळ्यांत विरतं. फोटो विरत नाही.

ती मुलगी पुढे नोकरीला लागेल, तिचं लग्न ठरेल, कुणीतरी तिचं नाव शोधेल. आणि वर येईल ते तुमचं जुनं कॅप्शन.

दोष एकट्या संस्थांचा नाही. कंपनी कायदा, २०१३ नं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. चांगलं झालं. पण पैशांबरोबर फोटोची मागणीही आली. बॅनर, टी-शर्ट, खड्ड्यात रोप, रोपाला दहा हात. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच रोपाचा फोटो कुठल्या कंपनीनं मागितला?

तो मागा. पाणी आपोआप घातलं जाईल.

‘पण व्हायरल झालं तर केवढा फायदा!’ झाला का? २०१२ चा मार्च आठवा. युगांडातल्या बंडखोर टोळीचा म्होरक्या जोसेफ कोनी याला पकडा, असं सांगणारा ‘कोनी २०१२’ हा व्हिडिओ एका अमेरिकी संस्थेनं काढला. सहा दिवसांत दहा कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. २० एप्रिलच्या रात्री जगभर रस्त्यांवर पोस्टरं लावायची ठरली होती. ती रात्र आली आणि रस्ते बहुतेक ठिकाणी रिकामेच राहिले. कोनी पकडला गेला नाही.

दहा कोटी डोळे. हात किती?

आणि लगेच २०१४ चं दुसरं उदाहरण. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची ती लाट. ‘पोरखेळ’ म्हणून तिच्यावर टीका झाली. पण एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकी संघटनेला त्यातून सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. संघटनेनं काय केलं? संशोधनाला किती, रुग्णसेवेला किती, निधी उभारण्यावर किती, हे टक्केवारीनिशी लोकांसमोर मांडलं. आणि २०१६ मध्ये त्या पैशांची मदत झालेल्या संशोधनातून या आजाराशी संबंधित एक जनुक सापडलं, तेव्हा बादली ओतून घेणाऱ्यांना तेही सांगितलं.

व्हायरल दोन्ही झालं. पोच एकानं दिली.

फॉरवर्डचीही हीच गत. ‘तातडीनं बी निगेटिव्ह रक्त हवं आहे, फोन करा.’ तारीख नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, गरज भागली का याचा पत्ता नाही. पेशंट बरा होऊन घरी जातो, तरी त्याच्या भावाचा फोन वाजत राहतो. रक्तपेढ्यांतला साठा पाहायला सरकारचं ई-रक्तकोष हे पोर्टल आहे. फॉरवर्ड करण्याआधी ते कितीजण उघडतात?

उघडायला एक मिनिट लागतं. पुढे ढकलायला एक बोट पुरतं.

बिनतारखेचा, बिननावाचा मेसेज काय करतो, हे महाराष्ट्राला सांगायची गरज पडू नये. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. देशभर असे बळी गेल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

‘हरवलेल्या मुलाचा फोटो’ तारखेशिवाय फिरवणाऱ्या प्रत्येक सेवाभावी ग्रुपनं राईनपाडा लक्षात ठेवावं. हेतू चांगला असला की तारीख लिहायची नसते, असं कुणी सांगितलं?

याच माध्यमाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. एप्रिल-मे २०२१, करोनाची दुसरी लाट. ऑक्सिजन, बेड, इंजेक्शनं. कॉलेजची पोरं रात्र रात्र जागून एकेक नंबर फिरवत होती आणि यादीत शेजारी लिहीत होती: ‘रात्री ११.४० ला बोललो, दोन बेड आहेत.’ मदत मागणाऱ्या नागरिकांच्या पोस्टवर कारवाई करू नका, असं सर्वोच्च न्यायालयालाही तेव्हा सांगावं लागलं. यादी तीच, नंबर तेच. वेळ लिहिलेली यादी जीव वाचवत होती. वेळ न लिहिलेली नातेवाइकांना रात्रभर फिरवत होती.

फरक फक्त फोन लावून पाहण्याचा होता.

आता मुळावर येऊ. हे सगळं कुणापर्यंत जातं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मधली. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या १५ ते ४९ वयाच्या बायका देशात ५४ टक्के. आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के. तेव्हापासून आकडे पुढे सरकले असतील, पण ज्या बाईसाठी संस्था काढली, ती इन्स्टाग्रामवर तुमची वाट पाहत बसलेली नाही.

तिच्यासाठी काढलेलं रील तिच्याखेरीज सगळे बघतात.

मग तिच्यापर्यंत जायचं कसं? मुंबईत काहींनी डोकं वापरलं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांच्या ‘अरमान’ या संस्थेनं ‘एममित्र’ नावाची सेवा सुरू केली. गरोदर बाई सरकारी दवाखान्यात आली की तिची नोंद करायची आणि तिच्या साध्या फोनवर आवाजी निरोप पाठवायचे. तिला कितवा आठवडा आहे, त्याप्रमाणे. तिला कळणाऱ्या भाषेत. आणि ती सांगेल त्या वेळेला.

‘ती सांगेल त्या वेळेला’ हे चार शब्द लाखाचे आहेत. कारण घरातला फोन कधी तिच्या हातात असतो, हे तिलाच माहीत.

पुढे या संस्थेनं गूगलच्या संशोधकांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली. कशासाठी? पोस्टर रंगवायला नव्हे. कोणत्या बायका हळूहळू फोन ऐकणं सोडतील याचा अंदाज बांधायचा आणि आरोग्यसेविकेनं त्यांनाच आधी गाठायचं, यासाठी. यंत्रानं नाव सुचवायचं, बोलायचं मात्र ताईनं.

छत्तीसगडच्या आदिवासी पट्ट्यात शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं, तेही साध्या फोनवरच. मिस्ड कॉल द्या, उलट फोन येतो, आपली तक्रार आपल्या बोलीत बोला. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही. सोबत संबंधित अधिकाऱ्याचा नंबर. ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन करतात. आणि काम झालं की तोच माणूस पुन्हा फोन करून सांगतो: हातपंप सुरू झाला.

बघा. गोंडी बोलणाऱ्या गावकऱ्यानं पोच दिली. शहरातल्या ऑफिसात ती का जमत नाही?

कारण ते काम कुणाचंच नसतं. ‘आमचं सोशल मीडिया एक मुलगा बघतो.’ कोण मुलगा? कॉलेजचा आहे, फावल्या वेळात करतो. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. पेज तसंच उभं राहतं, लोक त्यावर मदत मागत राहतात, उघडणारं कुणी नसतं. मोडक्या दारावर ‘कार्यालय बंद’ अशी पाटी तरी असते.

पेजला दोन ॲडमिन हवेत, त्यांतला एक विश्वस्त. पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत हवा. हे सांगायला सल्लागार कशाला लागतो?

पैशांच्या खात्याचंही तेच. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि काही दिवसांतच त्याच्या नावाशी मिळते-जुळते खोटे यूपीआय आयडी निघाले. जिथे पंतप्रधानांचं नाव सुटलं नाही, तिथे तालुक्यातली संस्था सुटेल? आपला खरा क्यूआर कोड एकच ठेवा. वेबसाइटवर, पावतीवर, कार्यालयाच्या भिंतीवर तोच. आणि खात्री करून घ्यायला एक फोन नंबर, जो कुणीतरी उचलतं.

‘उचलतं’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

हे काही परदेशातून शिकायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. माणशी एक पैसा. मोबाइल नाही, रेडिओ नाही, गावोगाव हिंडायचं. १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा देणाऱ्याला बोट दाखवून सांगता येत होतं, तो बघ, तिथे गेला माझा पैसा.

गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. गाव कीर्तनाला बसायचं, कारण झाडलेला रस्ता सगळ्यांनी पाहिलेला असायचा.

आजचं उदाहरण हवं? ‘लोकसत्ता’ दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतो. वाचक धनादेश पाठवतात आणि त्यांची नावं छापून येतात. छोट्या गावातल्या निवृत्त शिक्षकाचं नावही मोठ्या देणगीदाराच्या रांगेत. साधी नावांची यादी. पण तीच पोच.

शेवटी एक छोटी गोष्ट, जवळून पाहिलेली.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका लहान वसतिगृहाला गेल्या वर्षी थोडे पैसे पाठवले. त्यांच्या पेजवर किती फॉलोअर आहेत, मला माहीत नाही. पेज आहे का, हेही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर एक व्हॉइस मेसेज आला. बावीस सेकंदांचा. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताई बोलत होत्या, “भाऊ, तुमचे पैसे मिळाले बरं का. तेल संपतच आलं होतं. तुमच्या पैशात थोडी भर घालून डबा आणला. पोरं जेवायला बसलीत, ठेवते.”

त्याखाली एक फोटो. एकाही मुलाचा नाही. किराणा दुकानाच्या बिलाचा. पंधरा किलोचा तेलाचा डबा, खाली दुकानदाराची सही आणि कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा ठसा. पक्की पावती आठ दिवसांनी टपालानं आली.

त्या ताईंना रीच, एंगेजमेंट, कन्टेन्ट यांतला एकही शब्द येत नसेल. मिळालं की मिळालं म्हणून सांगायचं, एवढं त्यांना घरातून आलेलं आहे.

तेव्हा विश्वस्तहो, या आठवड्यात नवीन रील काढू नका. वही काढा. शेवटच्या दहा देणगीदारांना फोन करा, मागण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. इनबॉक्समध्ये न उघडलेले मेसेज उघडा. त्यात कुणीतरी मदत मागितलेली असेल.

आणि वाचकहो, तुम्हीही देताना एकदा फोन लावून बघा. कुणी उचललं, तर ती संस्था जिवंत आहे.

त्या तेलाच्या बिलाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. यंदाही त्या वसतिगृहाला पैसे पाठवले.

कुणी मागितले नव्हते.